जुनीच्या शेजारी नवी

सोमवार, ३ मार्च

धाकटीच्या कचेरीतून साहेबीणबाईंचा फोन. सुनावणीच्या मजकुरात फेरफार झालाय म्हणे. फेरफार! एका साक्षीदाराने तक्रार केली, मी असं बोललोच नव्हतो. नव्हताच बोलला. तो बोलला होता, "मी, म्हणजे आम्ही, नाही, अं, तसं मीच." याला वाक्य म्हणायचं? मी त्याचं नीट "आम्ही" केलं. उभी हयात शाळा चालवली, असलं वाक्य लाल शाई लागल्याशिवाय माझ्या टेबलावरून पुढे गेलं नाही.

त्यावरून एवढा गहजब. सुनावण्या गुप्त असतात, टाइप करणाऱ्या व्यक्तीखेरीज घरातल्या कुणी मजकूर पाहायचा नाही. पुढचं रेकॉर्डिंग धाकटीने एकटीने उतरवून द्यायचं, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल. धाकटीने सगळं "हो, हो" करत ऐकून घेतलं. फोन ठेवून मला म्हणाली, "तू बदललंस?"

"सुधारलं," मी म्हटलं.

ती उठून आत निघून गेली. तिचं असं उठून जाणं मला लहानपणापासून आवडत नाही.

मंगळवार, ४ मार्च

एकटीने म्हणे. साहेबीणबाईंनी एकदा डोळे बांधून बसावं माझ्या बहिणीच्या जागी.

धाकटीची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. टाइप ती झकास करते, बोटांना डोळे लागत नाहीत. पण टाइप केलेलं तिला वाचून कोण दाखवणार? संगणकात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम होता, आम्ही त्याला बाईच म्हणायचो. हिवाळ्यात कसलंसं अपडेट आलं, बाई अडखळायला लागली आणि मग मुकीच झाली. ती बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलेली. तेव्हापासून बाईच्या जागी मी. धाकटीच्या खुर्चीला खुर्ची लावून सकाळपासून वाचते. घसा बसतो, पाठ धरते. कौतुकाचा शब्द नाही, आणि मी त्याच्यासाठी अडूनही बसलेली नाही.

दुपारी ती आतल्या खोलीत झोपते. काय ती झोप, कानाशी ढोल बडवला तरी हलायची नाही! तेवढा वेळ संगणक रिकामा. मी पत्त्यांचे एकदोन डाव लावते, एकटीने लावायचे असतात ते. आवाज बंद करून. संगणकावर खेळत बसणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली. पण हा खेळ नव्हे. डोक्याला व्यायाम आहे.

गुरुवार, ६ मार्च

धाकटीने परस्पर कचेरीतल्या संगणकवाल्याला बोलावलं. मान एवढी उंच की दारातून वाकून आला. जिराफ. उगाच हसतो. मला "मावशी" म्हणाला. याची आई माझी बहीण असल्याचं मला तरी कुणी कळवलेलं नाही.

मग त्याने अक्कल पाजळली. यंत्र ठणठणीत आहे, फक्त त्यातली सिस्टीम म्हातारी झालीय, तिच्यावर नवीन वाचणारी बाई चालायची नाही. दुसरी सिस्टीम टाकू. फुकट मिळते. बोलणारा प्रोग्रॅम तिच्यात आधीपासूनच असतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूंबद्दल माझं मत ठरलेलं आहे, ते मी त्याला ऐकवलं. तो हसला.

"जुनी उडवून टाकतो," म्हणाला. "सगळी जागा नवीला. कटकट नको."

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "जुनी उडवायची नाही. नवी तिच्या शेजारी टाक."

"पण ताई, तुम्ही तर जुनी वापरणारच नाही..."

"शेजारी टाक म्हटलं ना."

जिराफाचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? खरं सोनं कुठलं ते धाकटीला कळतं. नवीचं चार दिवसांचं कौतुक, मग येईल परत जुनीकडे आणि माझ्याकडे.

रविवार, ९ मार्च

जिराफ सकाळीच हजर. आधी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढली. ते तरी सुचलं. मग पेनड्राइव्ह खोचला, यंत्र बंद करून चालू केलं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. मी विचारलं, हे काय लिहिलंय? म्हणाला, "वाचायचं नसतं, मावशी." न वाचता काम करणाऱ्या माणसाच्या हातात आमचं घर!

नंतर एक लांबट पट्टी आली. तिच्यातली खूण सरकवायची, इकडची जागा जुनीला, तिकडची नवीला. त्याने सरळ अर्ध्यावर आणली. मी म्हटलं, जुनीला जास्त. तो म्हणाला, जुनीत आहे काय एवढं? मी म्हटलं, तुला करायचंय काय? धाकटी मध्ये पडली, "ताई म्हणते तसं कर." केलं.

शेवटी म्हणाला, यंत्र चालू केलं की दोन्ही सिस्टीमची नावं दिसतील, हवी ती निवडायची. काहीच निवडलं नाही तर थोडं थांबून वरची आपोआप उघडेल. मी म्हटलं, वर जुनी. मोठीचा मान आधी. तेही केलं.

मग नवी बोलायला लागली. पुरुषाचा आवाज, सर्दी झाल्यासारखा. पडद्यावर जे असेल ते सांगत सुटतो, बटण असलं तर बटण, रिकामी जागा असली तरी रिकामी जागा. घरात आणखी एक बडबड्या. धाकटी हसत होती. किती दिवसांनी हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

सोमवार, १० मार्च

फजिती! जिराफाची.

धाकटीने यंत्र चालू केलं, हेडफोन लावला, बसली. काही नाही. पुन्हा चालू केलं. पुन्हा काही नाही. दर वेळी जुनी उघडते, आणि जुनी मुकी. कारण ती नावं निवडायची यादी बोलतच नाही! तोवर कुठलीच सिस्टीम जागी झालेली नसते, बोलणार कोण? यादी कधी आली आणि कधी गेली, आंधळ्या बाईला समजायचं कसं? डोळे असलेला तो शहाणा, डोळ्यांनी बघून हसत निघून गेला. त्याच्या डोक्यात हे आलंच नाही.

मी शेजारच्या खुर्चीत बसले. यादी आली की म्हटलं, "आता." तिने बाण दाबला, नवी उघडली. शेवटी माझेच डोळे लागले ना? मी तसं बोलूनही दाखवलं.

धाकटी म्हणाली, "उद्या तू भाजीला गेलीस तर?"

"मग माझी वाट बघ."

तिने जिराफाला फोन लावला.

मंगळवार, ११ मार्च

जिराफ आला, खाली मान घालून. एवढी मान खाली घालायला वेळ लागतो. "चुकलंच माझं, ताई," असं तीनतीनदा. माफी धाकटीची मागितली, माझी नाही.

आता यादी आली की यंत्र पीं असं वाजतं आणि थांबून राहतं, कितीही वेळ. नवी वर आहे, नुसतं एंटर दाबलं की ती उघडते. जुनी हवी तर एकदा खालचा बाण. खाली गेली जुनी. मला कुणी विचारलं नाही.

धाकटीने दहादा बंद-चालू करून पाहिलं. पीं, एंटर. पीं, एंटर. डोकं उठलं माझं.

शनिवार, १५ मार्च

सकाळी तिच्या हेडफोनची वायर निसटली आणि सर्दीवाला मोठ्याने बोलायला लागला. बोलणं कसलं, टिनाच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज! मला एक शब्द लागेना. मी म्हटलं, बिघडली बघ तुझी नवी.

"बिघडली नाही. मी एवढ्याच वेगात ऐकते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, ताई. बाई होती तेव्हाही."

म्हणजे सबंध हिवाळा मी एकेक शब्द सुटा करून, स्वल्पविरामाला थांबून, शाळेतल्यासारखी वाचत होते, आणि ही शेजारी बसून माझी वाट बघत होती. म्हटलं, "मग सांगायचं नाही का? कंटाळत असशील." म्हणाली, "छान वाचायचीस तू." वाचायचीस. मला वाईट वाटलं. रागही आला, पण आधी वाईट वाटलं.

बुधवार, १९ मार्च

रेकॉर्डिंग पूर्ण झालं, काल पाठवलं. आज साहेबीणबाईंचा फोन, काम धाकटीकडेच राहणार. मजकूर जसाच्या तसा उतरलाय म्हणून कौतुक. जसाच्या तसा म्हणजे सगळे अं, सगळे म्हणजे, सगळं अर्धवट सोडलेलं. अं लिहिल्याचं कौतुक होतं हल्ली.

धाकटी फोनवर रडली. आनंदाने रडली असं तीच म्हणाली. नंतर उठून चाचपत माझी खुर्ची उचलली आणि बाल्कनीत नेऊन ठेवली. टेबलापाशी पायात येते म्हणे. उन्हाने रंग उडेल तिचा.

गुरुवार, २० मार्च

सकाळी पीं वाजलं आणि मी हात पुसत निघाले. दारापर्यंत गेले होते. परत आले.

शनिवार, २२ मार्च

शेवटी विचारलं तिला. जुनी एकदाही उघडत नाहीस, बोलतही नाही ती तुझ्याशी, अर्ध्याहून जास्त जागा खाऊन बसलीय. जिराफ उडवत होता, तेव्हा उडवू द्यायचीस. ठेवलीस कशाला?

म्हणाली, "तुझे पत्ते आहेत ना तिच्यात. दुपारी मी झोपलेली नसते, ताई."