कुटुंबपत्रातलं शेवटचं नाव

३ तारीख, सोमवार
घरजावई झालो! आईने कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, कॉलेज अर्धवट, नोकरी नाही, आता सासऱ्याच्या जिवावर खा. खाईन. तुझ्या जिवावर खाण्यापेक्षा बरं.
सकाळी नोंदणी कचेरीत बायकोच्या घराच्या कुटुंबपत्रात माझं नाव चढवलं. सासरे कां-कू करत होते. बाहेरून आलेल्याचं नाव आमच्यात चढवत नाहीत म्हणे. सासूबाई वारल्या, तरी नाव माहेरच्याच पत्रात. का, ते त्यांनाही सांगता येईना. मी भडकलो. मला काय पाहुणा समजता? चढलंच पाहिजे, आजच्या आज. ती रडली, सासरे विरघळले, तिने सही केली. दुपारी ट्रंक नि दोन पिशव्या घेऊन मी हजर.
खाली कारखाना, वर तीन खोल्या. फुटक्या बरण्या, आरसे, कंदिलाच्या काचा, प्रत्येकावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. ती तुकडे जुळवते, भेगेवरून बोट फिरवते, आणि भेग मिटते. गोंद नाही, आच नाही. या गावात घरोघरी अशी काही ना काही विद्या. समोरच्या शिंप्याची सुई आपली आपण ओवली जाते. फक्त आमच्या, आई-दादाच्या घरात औषधालाही नाही.
सासऱ्यांचे हात मनगटापर्यंत काचेचे आहेत, आरपार दिसणारे. विद्या पुढच्या पिढीत उतरली की मागे काच उरते. ती जन्मल्यापासून वीस वर्षांत एकेक करून दहाही बोटांची विद्या तिच्याकडे गेली. दुखत नाही म्हणाले, फक्त कप धरवत नाही, आता धरायला जावई मिळाला. स्वतःच खो खो हसले. मग एकच नियम सांगितला: या घरात आवाज चढवायचा नाही.

५, बुधवार
नियम मोडला. आरसा न्यायला आलेल्या बाईने तिला विचारलं, हा नवा गडी का, पगार किती देता? मी गडी? असा ओरडलो की फळीवरच्या बरण्या वाजल्या. त्याच क्षणी उजव्या करंगळीला मुंग्या आल्या.
संध्याकाळी तिने बाटलीच्या भेगेवरून करंगळी फिरवली. भेग तशीच. दमली असेल.

९, रविवार
तिची करंगळी काचेची झालीय.
आणि माझ्या करंगळीने आज बरणी सांधली. खरं सांगतो, आधी आनंदच झाला. माझ्यात विद्या! दादाला दाखवायला पळणार होतो. मग तिचा चेहरा पाहिला.
आमच्या कॉलेजच्या पुस्तकात होतं की विद्या रक्तातून येते, अर्धी आईची, अर्धी बापाची. पुढची प्रकरणं वाचायला मी थांबलो नाही. तिच्यामागे फिरत होतो. सासरे म्हणाले, आम्हीही रक्तच समजत होतो, कारण पत्रातलं शेवटचं नाव नेहमी बाळाचंच असायचं. विद्या शेवटच्या नावाकडे जाते. बाहेरच्याचं नाव का चढवत नाहीत, ते आता कळलं.
बाळ हळूहळू घेतं. मी मोठा आहे, आणि तापट. चिडलो की ओढून घेतो.

१२, बुधवार
आणखी तीन बोटं. दोन दादाच्या टोमणे मारणाऱ्या चिठ्ठीमुळे. एक स्वतःवर चिडलो म्हणून. म्हणजे स्वतःवरही चिडायची सोय नाही!
सासऱ्यांची काच मनगटाशी थांबली, वीस वर्षं लागली म्हणून. हिची थांबत नाही. कोपरापर्यंत आलीय. मी दोन दिवस धर्मशाळेत राहून पाहिलं, उपयोग शून्य. नाव पत्रात आहे ना.
सासऱ्यांना आता उमगलं, नाव खोडलं की विद्या आल्या वाटेने परत जाते. त्यांच्या धाकट्या चुलत्याचं नाव खोडलं तेव्हा त्यांच्या वडिलांचे हात पुन्हा मऊ झाले होते.
खोडायचं. मग मी तिचा कुणीच नाही. चालेल.

१५, शनिवार
कचेरी. साहेब रजेवर, सोमवारी या. मी शांतच होतो. जिना उतरलो, कोपऱ्यावर भिंतीला एक लाथ मारली, एकच.
उजवा अंगठा गेला. तिचा.

१७, सोमवार
कारकून म्हणाला, ज्या सहीने चढलं त्याच सहीने उतरेल. तिला पेन धरता येत नाही म्हटलं. मग डाव्या अंगठ्याचा ठसा आणा. वर हसून म्हणतो कसा, पंधरवड्यातच बायकोचा कंटाळा आला का राव?
दात आवळून घरी आलो. वाटेत डाव्या हाताला मुंग्या. एका बोटाला नाही, चार —
काच खांद्यापर्यंत.

१८, मंगळवार
डावा अंगठा उरलाय. तेवढाच.
कचेरी बंद. कसली सुट्टी ते दारावर लिहिलेलंही नाही. मी चिडलो नाही.
ती हळू बोलते, मानेत काच आलीय. म्हणाली, तू चिडतोस म्हणूनच तर आवडला होतास. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रडताना राग येत नाही. रडतच राहावं —

१९, बुधवार
अर्ज मिळाला. तिचा हात मी उचलला. थंड. अंगठा गरम आहे अजून.
कारकुनाने दिलेली शाईची डबी कोरडी. पाणी घातलं, ठसा पुसट. रेषा दिसल्या पाहिजेत म्हणालाय. कचेरी पाचला बंद. साडेचार झाले.
सासरे शेजारून शाईची बाटली आणायला गेलेत —
त्यांना कप धरता येत नाही. बाटली कशी —
जिन्यात काहीतरी फुटलं. शाई पायऱ्यांवरून खाली —
ती बघतेय माझ्याकडे. मान वळत नाही, फक्त डोळे.
मी चिडलेलो नाही. कुणावरच नाही. म्हातारा आहे तो, त्याचा काय दोष. दहापर्यंत मोजतो. एक. दोन. मी चिडलेलो नाही. तीन. डाव्या अंगठ्याला मुं—