म्हणते अनसू

मंगळ. ८ जाने. १९५७

यांना कारखान्यातून डायरी मिळाली. फिटर माणूस, डायरीत लिहिणार काय? आठवडाभर खुंटीला पिशवीत लोंबत होती. मी घेतली. "घे की," म्हणाले, "पण लिहिणार काय त्यात?" सांगितलं नाही.

आज स. पाळी. बल्बपुढे औषधाची बाटली धरायची, उलटी करायची, आधी काळ्या फळीपुढे, मग पांढऱ्या. पांढरा कण काळ्यावर दिसतो, काळा पांढऱ्यावर. कण दिसला की बाटली बाद. आठ तास हेच. डोक्याला फडकं, तोंडाला फडकं, नुसते डोळे उघडे. फडक्याआड मी काय पुटपुटते ते कुणाला कळत नाही, हे एक बरं आहे. तीन दिवस घोळत होतं, आज जमलं:

उजेडाशीं धरूं । एक एक कांच ।
कण शोधूं हाच । धंदा झाला ॥
सारें आरपार । दिसे माझ्यापुढें ।
मीच मज कोडें । काय करूं ॥
. . . . . . . . । धर उजेडाशीं ।
मला लपविशी । कशासाठीं ॥

'धंदा'च्या जागी आधी 'काम' होतं. खोडलं. धंदाच बरोबर.

शेवटच्या कडव्यात टिंबं दिलीत तिथे 'अमका म्हणे' असं करणाऱ्याचं नाव यावं लागतं. 'अनसू म्हणे आतां' घालून पाहिलं, एक अक्षर जास्त होतं. आणि कशाला घालायचं? मी काय संत लागून गेले? जागा तशीच ठेवली.

शनि. १२ जाने.

एकादशी. पाळी संपवून मारुतीच्या देवळात, बायकांचं भजन. पुढे म्हणायला नेहमी भागूकाकू असतात. आज त्यांचा घसा बसलेला. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे. "अनसू, तू म्हण गं." मी मागच्या खांबाशी. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. एरवी पाठ असलेलं एकसुद्धा आठवेना. आठवलं ते हेच, माझं.

म्हटलं. दोन कडवी बरी गेली, मागून बायका ओळ उचलत होत्या. शेवटचं कडवं आलं आणि ती रिकामी जागा! टाळ थांबेनात, सगळ्या तोंडाकडे बघताहेत, कोण म्हणे, कोण म्हणे. आणि मी देहूच्या महाराजांचं नाव घालून मोकळी झाले. दोन अक्षरी. चपखल बसलं.

सगळ्यांनी हात जोडले. भजनातल्या जनाक्कांच्या डोळ्यांत पाणी.

काकूंनी विचारलं, "कुठला गं ह्यो?"

"माहेरी म्हणतात. जुन्या वहीत आहे."

काकू नुसत्या बघत राहिल्या. त्या देहूच्या माहेरवाशीण, अभंग पाण्यासारखे पाठ. एका दमात दोनदा खोटं बोलले मी, तेही देवळात.

सोम. १४ जाने.

संक्रांत. चाळीत हळदीकुंकू. नाव घे, नाव घे म्हणून सगळ्या मागे. घेतलं:

"भोंगा झाला पिंपरीला, उघडलं कारखान्याचं दार,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, डबा आहे तयार."

हशा. आणखी एक घे म्हणाल्या, आणखी घेतलं. जराही भीती वाटली नाही. घरी येताना डोक्यात आलं आणि जे डोकं फिरलं ते फिरलं. नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंफून दहाजणींत घेतलं तर कौतुक. स्वतःचं एकदा घ्यायची वेळ आली तर माझी दातखीळ बसते. कुणी शिकवलं हे मला? कुणीच नाही. मीच शिकले. मीच गाढव.

रवि. २० जाने.

अंगाचा तिळपापड झालाय. लिहिते म्हणजे जरा उतरेल.

महादूबुवांनी, म्हणजे पुरुषांच्या भजनाच्या पुढाऱ्यांनी, जनाक्कांकडून माझा अभंग उतरवून घेतला. आज देवळात वीणा गळ्यात घालून तो म्हटला आणि वर निरूपण. मी कुंकू घ्यायला गेले होते, दाराशी थांबले. म्हणे, काच म्हणजे देह! कण म्हणजे पाप! उजेड म्हणजे सद्गुरू! माणसं माना डोलावताहेत. अहो, काच म्हणजे काच! पिंपरीच्या कारखान्यातली बाटली आहे ती, बोटभर उंचीची, आणि कण म्हणजे कापसाचा तंतू!

हेही सोडलं असतं. पण बुवांनी शब्द बदलला. 'धंदा झाला' चं 'छंद झाला' केलं. म्हणे, उतरवताना बायकांची चूक झाली असणार, महाराजांच्या तोंडी धंदा हा शब्द शोभत नाही.

छंद? माझा छंद? आठ तास त्या बल्बपुढे बसा एकदा. मान अवघडते, डोळ्यांतून पाणी येतं, पाणी पुसायला हात वर नेला तर सुपरवायझरबाई ओरडते. या छंदापायी घरी येऊन तव्यावरची भाकरी मला धुरकट दिसते. छंद म्हणे!

आणि मी दाराशी उभी राहून हात जोडले. सगळ्यांनी जोडले म्हणून.

रवि. २७ जाने.

काल चाकणचा बाजार. बुवा स्वतः गेले, कांद्याच्या आडतीवर माझ्या भावाला गाठलं आणि जुनी वही मागितली. भाऊ आज इकडे आला तो हसतच. "अगं, कसली वही मागत्यात? म्या म्हनलं, आमच्याकडं पंचांग सोडून कागुद न्हाई, आन् ते बी शेजाऱ्याचं हाय."

मला वाटलं, सुटले. कुठलं काय. बुवा देवळात सांगताहेत, वही काळाच्या ओघात गेली पण अभंग मुखात राहिला, ही महाराजांचीच कृपा. खोट्यालासुद्धा माझ्यापेक्षा पाय जास्त! आता १० तारखेच्या एकादशीला पुण्याचे कीर्तनकार येणार, त्यांच्यापुढे म्हणणार, आणि 'गावात सापडलेला अप्रसिद्ध अभंग' म्हणून मासिकाला पाठवणार. छंदासकट.

बुध. ३० जाने.

यांना सांगितलं. जेवत होते. घास हातात राहिला.

"तुझा?"

"माझा."

"सगळा?"

"नाही, अर्धा तुमचा! सगळाच माझा."

हसले. मग हसू गेलं. "गप बस बरं. लोक म्हणतील, महाराजांच्या नावावर हिनं स्वतःचं खपवलं. कारखान्यात कळलं तर म्हणतील, बाटल्या तपासायच्या सोडून कविता करते."

त्यांचं खोटं नाही, म्हणूनच जास्त राग आला. नाव मीच घातलं. कुणी माझा हात धरला नव्हता. पण भीतीपोटी एकदा खोटं बोलले म्हणून जन्मभर तेच बोलायचं का? यांच्या मनगटात जोर आहे, दोन माणसांना न हलणारी चाकं हलवतात. चार लोक काय म्हणतील म्हटलं की तेच हात ताटात लोळतात. माझेही.

रवि. ३ फेब्रु.

बुवांकडे गेले. एकटी. रस्त्यात दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा गेले.

ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. एका दमात सांगितलं. अभंग माझा आहे, नाव भीतीनं घातलं, माझं चुकलं, मासिकाला पाठवू नका. आणि छंद नाही, धंदा.

सुपारी थांबली. मग गोड आवाजात, "बाई, तुमी सातवी शिकल्याल्या. ह्ये अनुभवाचे बोल हायत."

"कुणाच्या अनुभवाचे?" मी.

"महाराजांच्या."

"महाराजांनी बाटल्या तपासल्या होत्या?"

तोंड लाल झालं. हळू आवाजात म्हणाले, "समजा तुमचा असंल. मंग तर आनखीच गप ऱ्हावा. तुमच्या नावानं म्हनला तर उद्या कोन म्हननार? महाराजांच्या नावानं शंभर वर्सं म्हनतील. अभंग मोठा हाय बाई, मोठ्या नावावर ऱ्हाऊ द्या."

म्हणजे चांगला असेल तर माझा नाही, आणि माझा असेल तर चांगला नाही! वर बाईमाणसानं संतांची बरोबरी करू नये म्हणे. संतांत बायका नव्हत्या का? शेवटच्या ओळीत स्वतःची नावं ठणकावून घालून गेल्यात, आणि बुवा ती रोज पहाटे म्हणतात!

हे सगळं मला घरी आल्यावर सुचलं. तिथे "बरं" म्हणून उठले.

खरं सांगायचं तर एक गोष्ट मनाला शिवली. शंभर वर्षं. आपलं कुणीतरी शंभर वर्षं म्हणेल. क्षणभर बरं वाटलं. तेवढ्याची लाज अजून वाटतेय.

रवि. १० फेब्रु.

एकादशी. देऊळ भरलेलं. ठरवून गेले होते, शेवटचं कडवं आलं की उभं राहायचं. शब्दही जुळवले होते. एवढे दिवस 'अनसू म्हणे आतां' बसत नाही म्हणून रडत होते. उलटं केलं की बसतं. 'म्हणते अनसू.' बरोबर सहा. आणि 'म्हणते' म्हटल्यावर कुणा पुरुषाच्या नावावर जायची सोयच नाही.

बुवांनी सुरू केलं. छंद आला. कीर्तनकार "वाहवा" म्हणाले, नेमकं छंदावरच. शेवटचं कडवं आलं. हे समोर पुरुषांत बसले होते, माझ्याकडे बघत होते. उठ म्हणत होते की बस, कळलं नाही.

उठले नाही. नारळ मिळाला बुवांना.

शी.

मंगळ. १२ फेब्रु.

काकू आल्या. दारातच, "रविवारी उठनार व्हतीस न्हवं?"

मी चहाला पाणी ठेवलं.

"माझ्या म्हायेरी महाराजांचं पोराटोरास्नी पाठ असतं. पयल्या दिशीच वळखलं म्या. म्हनलं, सांगंल आपन हून."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"का म्हनून? गानं तुजं. तोंड तुला न्हाई व्हय?"

एवढा राग आला त्यांचा! आणि बरंही वाटलं. महिनाभर एकटी धुमसतेय, आणि या बाईला ठाऊक. जाताना म्हणाल्या, "म्होरल्या एकादशीला माजा घसा बसनार हाय बघ." आज तर ठणठणीत होता.

सोम. २५ फेब्रु.

आधी घडलं ते लिहिते. राग नंतर.

पाळी संपवून देवळात. काकूंनी घशाला हात लावला, माझ्याकडे बोट केलं. मी खांब सोडून पुढे बसले. गप बस म्हणणारे हेच म्हणाले होते, डोळे मिटून म्हण, भीती वाटत नाही. पण मी डोळे उघडे ठेवले. दिवसभर तेच तर काम आहे माझं.

'धंदा झाला' म्हटलं. मागून निम्म्या छंद म्हणाल्या, निम्म्या धंदा. थांबले, पुन्हा म्हटलं. धंदा. दुसऱ्या वेळी सगळ्या आल्या. तेवढ्यात दारात बुवा दिसले, चपला हातात. सोडून द्यावं वाटलं. मग वाटलं, आज सोडलं तर मेले तरी यायचं नाही.

म्हणते अनसू । धर उजेडाशीं ।

आता ही ओळ मागच्यांनी उचलायची असते. मी म्हटलं की त्यांनी म्हणायची. टाळ थांबले. कुणी उचलेना. माझं नाव देवळात नुसतं लोंबत राहिलं. किती वेळ कोण जाणे, मला तरी सबंध पाळीएवढा वाटला. जनाक्कांनी मान खाली घातली. पुन्हा म्हटलं. आवाज फाटला, तरी म्हटलं.

काकूंनी उचलली. ज्यांचा घसा बसला होता त्यांनी! खणखणीत. मग कोपऱ्यातून एक, खिडकीशी एक. सगळ्या नाही. जनाक्का तर नाहीच. पाच असतील. पाचजणी 'म्हणते अनसू' म्हणाल्या, मी कानांनी ऐकलं.

बुवा प्रसाद न घेता गेले.

मंगळ. २६ फेब्रु.

जनाक्का पाणवठ्यावर बोलल्या नाहीत. मीच हाक मारली. "आमास्नी रडवलंस की गं त्या दिशी," एवढंच म्हणाल्या. रडवलं ते माझ्याच शब्दांनी ना? पण त्या फसल्या, हेही खरं. त्यांची माफी मागायची आहे. बुवांची नाही.

बुवांचा निरोप आला. उद्या संध्याकाळी पंच मंडळींना घेऊन येतात. अभंग तुमचा तर पुरावा दाखवा. नाहीतर महाराजांच्या नावाचा खेळ केला म्हणून देवळात नाक घासा, आणि पुन्हा भजनाला बसू नका.

पुरावा! पुन्हा वहीच मागताहेत. या खेपेला वही आहे. ही. आठ जानेवारीचं पान, 'काम' खोडून 'धंदा' केलेलं, रिकाम्या जागेसकट.

पण एक पान दाखवलं की सगळीच हातात जाणार. बुवांना काय काय म्हटलंय. यांच्या ताटात लोळणाऱ्या हातांबद्दल. शंभर वर्षांचा मोह. मी गाढव. दुपारी बाकीची पानं फाडायला घेतली होती. कडेला इवलंसं फाटलंय, दिसेल.

हे आले. डायरी त्यांच्यापुढे ठेवली. पहिल्यांदाच. उभ्याउभ्या वाचत होते, ३० जानेवारीपाशी बराच वेळ थांबले. मी भाकऱ्या थापत होते, एक करपली.

मिटून परत दिली. म्हणाले, "हातांचं खरं आहे." थोड्या वेळानं, "उद्या मी दुपारच्या पाळीला जात नाही. घरी थांबतो."

पानं फाडली नाहीत. वाचू देत पंच, भर चाळीत, मोठ्यानं. पटेल, न पटेल. पहिल्या पानावर नावाची रेघ आहे, दोन महिने कोरी होती. आत्ता घातलं: अनसूया.