मानेवरचा चौकोन

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र परवा पोचलं. तुझ्या वहिनीने ते मला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मी चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून स्वतः वाचलं, कारण तिसऱ्यांदा वाचल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नाही, हा माझा स्वभाव तुला माहीत आहे. उत्तरही मीच लिहितो आहे. माझी शाळा चौथीत सुटली, जोडाक्षरं चुकतील, हसू नकोस. तुझी वहिनी लिहायला तयार होती, पण तिने दोन ओळींत संपवलं असतं आणि त्या दोन ओळी तुला सोसल्या नसत्या.

मावशी गेल्याचं ऐकून वाईट वाटलं, असं तू लिहिलंस. तिच्या जागी बदामी घोडा पाठवतो, त्याचं रक्त चांगलं असल्याचा कागद तयार आहे, असंही लिहिलंस. त्या कागदाकडे मी मागाहून येतो. आधी मावशीचं नीट सांगतो, नाहीतर माझा गोंधळ होतो.

अठरा वर्षांची खेचर. टेकडीवर पाण्याच्या टाकीचं काम सुरू झाल्यापासून विटा वाहणाऱ्या रांगेत ती सगळ्यात पुढे. तिला धरून न्यावं लागत नसे. वळणावर थांबून मागचे आले का बघायची, म्हणून तर सगळे तिला मावशी म्हणत. एके सकाळी तिने तोबऱ्यात तोंडच घातलं नाही. मला वाटलं, दात दुखत असतील. दुपारी अंग तापलं. दुसऱ्या दिवशी ओठ उचलून बघितला तर हिरड्या पांढऱ्या, आणि त्याच्या पुढच्या दिवशी पिवळ्या. मग तिने मूत टाकलं ते काळ्या चहाच्या रंगाचं. मी तुझ्या वहिनीला हाक मारली. ती म्हणाली, आता नुसते बघत उभे राहू नका, डॉक्टरला आणा. मी निघालो, अर्ध्या वाटेवरून परत आलो, कारण तबेल्याचं दार लावलं की नाही आठवेना. लावलेलं होतं. ते जाणं-येणं धरून पाऊण तास गेला. तो पाऊण तास अजून माझ्या छातीवर बसला आहे.

डॉक्टरीणबाई नवीन आहेत, वयाने आपल्या नातीएवढ्या, पण हात तयार आहे. त्यांनी कानाजवळून रक्त घेतलं, काचेवर पसरलं, रंग लावला आणि मला म्हणाल्या, आजोबा, या, तुम्हीच बघा. मी चुकीचा डोळा मिटला. मग बरोबर डोळा लावला. गुलाबी टिकल्याच टिकल्या, आणि काही टिकल्यांच्या आत चार बारीक ठिपके, चार पाकळ्यांचं फूल असावं तसे. दिसायला इतकं सुरेख की मी बघतच राहिलो. बाई म्हणाल्या, हेच तिला आतून खातंय. गोचिडीतून येतं, नाहीतर सुईतून. त्यांनी औषध टोचलं. मावशीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पोटात कळा आल्या, बाई म्हणाल्या औषधाने असं होतं, घाबरू नका. मी घाबरलोच. चौथ्या दिवशी दुपारी, रांग टेकडीवरून उतरत असताना, ती तबेल्यात आडवी झाली ती उठली नाही. बाकीचे पाच जण दारात येऊन थांबले. आत कोणी शिरेना. वाट दाखवायला पुढे कोणी नव्हतं ना.

आता सुईचं. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

हंगामाच्या आधी मी सगळ्यांना ताकदीची सुई देतो, मानेच्या नसेत. ते मला तूच शिकवलंस. जनावरांच्या दवाखान्यात तू नवा नवा लागला होतास तेव्हा आपल्या अंगणात गाढव उभं करून दाखवलं होतंस. अंगठ्याने नस दाबायची, ती फुगली की तिरकी सुई घालायची, आणि दर जनावराला सुई बदलायची. दर जनावराला, दादा, असं तू दोनदा म्हणाला होतास. मी इतकी वर्षं बदलत आलो. या खेपेला बदलली नाही. सुया होत्या, डबा भरलेला होता. पण वाटलं, सगळी घरचीच जनावरं, सगळ्यांची रक्तं चांगली, तू दिलेल्या तांबडी घोडीचा तर तुझ्या हातचा कागद आहे. घरातल्या घरात कसली सुई बदलायची? आणि तांबडी पाहुणी म्हणून पहिली सुई तिला दिली. दुसरी मावशीला. त्याच सुईने. पुढे सरदार गाढवाला आणि बाकीच्यांना. सरदार आठ दिवस मलूल होता, सावरला. बाकीच्यांची रक्तं तपासायला गेली आहेत. मी रोज सकाळी पाच जणांचे ओठ उचलून बघतो. ते आता मला बघूनच मान फिरवतात.

तांबडीला काहीच झालं नाही. मजेत खाते. बाईंनी तिचं रक्त दुसऱ्या तपासणीला पाठवलं, उत्तर आलं, आहे. म्हणाल्या, हिला कधीतरी ताप येऊन गेलाय, ताप गेला तरी ते रक्तात दडून बसतं, जन्मभर. हे मला नवीन नव्हतं. हेच, याच शब्दांत, तू मला सांगितलं होतंस, जेवताना, तोंडात घास असताना. वहिनी तेव्हा तुला म्हणाली होती, भाऊजी, आधी गिळा, मग डॉक्टर व्हा. किती हसलो होतो.

तेव्हा तुला माहीत होतं, धाकट्या. मी सगळीकडून फिरून बघितलं, तुला माहीत नसण्याची वाट मला कुठे सापडत नाही. गेल्या वर्षी तांबडीला ताप आला तेव्हा तू तिच्याजवळ सहा दिवस बसलास, हे तूच कळवलं होतंस. तुझ्या घोडेस्वारीच्या शाळेत दर वर्षी सरकारी तपासणी होते आणि एक जनावर जरी रोगी निघालं तरी फाटकाला कुलूप लागतं, हेही तूच सांगितलंस. आणि तपासणीच्या आठवडाभर आधी तुला अचानक दादाची आठवण आली. दादा, तू आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी वाहिलीस, एक घोडी माझ्याकडून, असं म्हणालास. मी रडलो होतो रे. फाटकातच, तुझ्या शिकाऊ पोरांच्या समोर.

मी शाळा सोडली म्हणून तू शिकलास, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आताही बोलत नाही. लिहितो आहे.

पण एक गोष्ट आहे ती तुझ्या वहिनीलाही सांगितलेली नाही. रक्त घेताना मानेवरचे केस कापायची तुझी पद्धत मी ओळखतो. दुसरे लोक कसेही भादरतात. तू डाव्या बाजूला, बोटभर लांब, बोटभर रुंद, कात्रीने नेमका चौकोन काढतोस, कोपरेसुद्धा सरळ. कागदावर तारीख होती चार दिवसांपूर्वीची. तांबडीला घरी आणलं, खरारा केला, डाव्या मानेवरून हात फिरवला. केस सलग. एक केससुद्धा कापलेला नाही. आणि तुझ्या फाटकाशी तुझी पांढरी घोडी उभी होती, तिच्या मानेवर चौकोन होता, मी तिला थोपटताना माझा अंगठा त्यावरूनच गेला होता.

म्हणजे कागद तांबडीचा आणि रक्त पांढरीचं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी स्वतःला म्हणालो, केस वाढले असतील. चार दिवसांत! चार दिवसांत माझी दाढीसुद्धा धड वाढत नाही. मी खरारा जागेवर ठेवला आणि गप्प बसलो, कारण विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस. मावशीला तुझ्या कागदाने मारलं, आणि माझ्या गप्प बसण्याने.

डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं, घोडी कुठून आणली. तिन्ही वेळा मी बाजारातून म्हणालो. त्या म्हणाल्या, आजोबा, बाजाराला काही नाव-गाव, की ती उडत आली? मी हसण्यावारी नेलं. मग परवा तुझं पत्र आलं. बदामी पाठवतो. कागद तयार आहे. वहिनी वाचत होती आणि मी मनात बदामीची डावी मान आठवत होतो. काल सकाळी मी बाईंकडे गेलो आणि तुझं नाव सांगितलं. नात्यासकट सांगितलं. पांढरीचंही सांगितलं. परत येताना तीनदा थांबलो, पण परत फिरलो नाही.

सोमवारी त्या तुझ्याकडे येणार आहेत, सगळ्यांचं रक्त घ्यायला. आधी कळवू नका, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी कळवतो आहे. जीप फाटकात उभी राहिल्यावर तुला कळावं, हे माझ्याच्याने होईना. तुझी अकरा जनावरं मी तोंडाने ओळखतो. ती अकराच्या अकरा तिथे असू देत. कोणाला कुठे देऊ नकोस, आणि कोणाच्या मानेला आधी कात्री लावू नकोस. तुझ्यावर एवढा एकदाच भरवसा टाकतो आहे, यापुढे माझ्याकडे उरलेला नाही. बाईंना डोकं धरायला ओळखीचा माणूस हवा होता, म्हणजे जनावर बिथरत नाही. मी हो म्हणालो. तेव्हा मीही येतो आहे. तू रक्त घेऊ नकोस, नुसता बाजूला उभा राहा. बदामीचं डोकं मी धरीन, आणि चौकोन माझ्या डोळ्यांसमोर निघू दे.

तुझाच,
दादा