सुदामची रविवारची कॅसेट

प्रिय सुदाम,

जय भीम. पत्र लिहायला कारण तुझ्या उज्ज्वलाचा हट्ट आहे. पण त्याआधी एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. बाजार समितीच्या सभेची तुझी कॅसेट तालुकाभर फिरली. ती घेताना तू नेमका माझ्या पाठीमागे उभा होतास. परिणामी सभापतींच्या सबंध भाषणात, पडद्याच्या खालच्या अंगाला, माझं टक्कल उगवत्या पौर्णिमेसारखं विराजमान आहे. संस्कृतात अशा माणसाला खल्वाट म्हणतात. शेवगावात काय म्हणतात ते तुला माहीत आहे. परवा बोधेगावच्या स्टँडवर एका अनोळखी गृहस्थांनी मला पाठमोरं ओळखलं! वर्तमानपत्रात इतकी वर्षं नावानिशी बातम्या देऊन जे साधलं नाही, ते तू माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूने साधलंस. निदान आता तरी माफी मागशील की नाही?

आता हट्टाचं सांगतो. येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. त्या रविवारची कॅसेट फक्त बाबांची, असं उज्ज्वलाने ठरवलंय. तिने खोकी उपसली, मीही मदतीला बसलो. आणि काय सांगू, तू कुठेच नाहीस! सबंध तालुका आहे, तालुक्यातल्या म्हशी आहेत, तीच ती वरमाय चार लग्नांत आहे; तू मात्र नाहीस. भिंतीवर तुझा एक फोटो आहे, ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात तू असा बसलायस की जणू जामीन नाकारलाय.

मी म्हणालो, "उज्ज्वला, मी छानसा लेख लिहितो."

"काका, लेख आता कोण वाचतंय? तुम्ही कॅमेऱ्यापुढं बसा अन् बाबा कसे होते ते तोंडानं सांगा."

सुदाम, मुलगी तुझीच आहे यात शंका नाही.

तुला आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? लग्नसराई संपली होती. स्टुडिओच्या पायरीवर चहा पीत तू म्हणालास, "पंडित, ह्यो कॅमेरा बसून खातोय. आता बातम्या काढतो."

"बातम्या काढत नसतात, सुदाम. लिहीत असतात."

"तू लिही की! मी दावतो."

आणि दाखवू लागलास. आठवडाभर खांद्यावर ते धूड घेऊन हिंडायचं, घरी दोन व्हीसीआर जोडून तुकडे सांधायचे, रविवारी सकाळी कॅसेट केबलवाल्याकडे पोचवायची. खेडोपाडी केबल कुठली? मग तिकडच्या गाड्यांच्या कंडक्टरांना पटवलंस. गाडी पोचली की कोणाच्या तरी ओट्यावर टीव्ही यायचा, गाव जमायचं. बघून झालं की शेजारच्या गावाने मागून न्यायची, त्यांनी आणखी एक कॉपी काढायची, ती पुढे जायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं. लोकच एकमेकांना देत गेले. कॉपीची कॉपी होत पार टोकाच्या वस्तीवर पोचेपर्यंत तहसीलदार हिरवे दिसायचे. लोकांना काही अडचण नव्हती. तहसीलदार असेच असतात, असं ते धरून चालले होते.

माझं काय झालं, ते कधी विचारलंस? मी बातमी लिहायची, नगरला पाठवायची, ती छापून यायची. तोवर तुझी कॅसेट बघून लोकांचे दोन तट पडलेले असायचे. पेपर उघडून पानवाला म्हणायचा, "पंडित, ह्ये झालं बघून. नवं काय हाय?" नगरहून संपादकांचा फोन यायचा, तुमच्याकडे कोणी सुदाम म्हणून दैनिक काढतो का? मी म्हणायचो, दैनिक नाही, साप्ताहिक आहे, आणि त्याला शुद्धलेखन लागत नाही.

पण तुझी खरी कमाल त्या नळाच्या बातमीत झाली. वरच्या आळीला पाणी येईना. मी लिहून लिहून थकलो होतो. बायकांनी हंडे घेऊन मोर्चा काढला आणि तू तो काढलास. चित्रं सांधायच्या तुझ्या मिक्सरमध्ये सगळी सजावट लग्नाची! त्यामुळे गुलाबाची पाकळी उमलली आणि तीतून बायका हंड्यांसह बाहेर आल्या. मागे सनई. पुढे लाल बदाम फिरत फिरत मोठा झाला आणि त्यातून पाणीपुरवठ्याचे साहेब प्रकटले. बदामाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "दोन दिवसांत पाणी सुटेल."

मी तुला विचारलं, "अरे, ही काय थट्टा आहे?"

"थट्टा कशाची? मशीनमदी दुसरं कायबी न्हाई. बदाम न्हाईतर मोर. मोरात साहेब बरा दिसला असता का?"

तुला काय ठाऊक की साहेबांची सासुरवाडी बोधेगावची! तिथल्या ओट्यावर जावई बदामातून निघाले आणि सासूबाई कौतुकाने ओरडल्या, "आवं, आमचं जावई!" मग रोज शेजारच्या दुकानातून साहेबांना फोन. "जावईबापू, सुटलं का पाणी? लोक इचारत्यात." सासूपुढे खोटं पडायची जावयाची काय बिशाद! पाणी सुटलं. माझ्या बातम्यांनी जे झालं नाही ते तुझ्या बदामाने केलं. हे मी तेव्हा मान्य केलं नव्हतं. आता करतो. फार फुगू नकोस.

त्याच दिवशी तू म्हणाला होतास, "पंडित, म्होरं घरोघरी कॅमेरा असंल. ज्यो त्यो आपापली बातमी दावंल. ना तुजा पेपर लागंल, ना माजी कॅसेट."

"मग बघायचं कोणी?" मी विचारलं.

तू असा हसलास की हातातला चहा शर्टावर सांडला. आता पुण्याहून येणारी मुलं सांगतात की टेलिफोनच्या तारेतून चित्रं येऊ लागली आहेत, कोणीही पाठवावीत, कोणीही बघावीत. तिकडे कंडक्टरला पटवावं लागत नाही म्हणे. तू असतास तर म्हणाला असतास, मग मजा काय राहिली?

आता एक रागाची गोष्ट. जुनी बातमी पुसून त्याच कॅसेटवर नवी भरायची, ही तुझी खोड! नळाचा मोर्चासुद्धा पुसलास आणि वर कोणाचं तरी बारसं भरलंस. माझ्या बातमीत निदान भेळ तरी बांधली जाते. ती खाताना माणूस दोन ओळी वाचतो.

काल दुपारी मात्र एक कॅसेट सापडली. कुस्त्यांचा फड होता. कुस्ती संपली आणि कॅमेरा बंद करायला तू विसरलास! खांद्याला खाली लोंबकळत तो तसाच चालू. पडद्यावर धूळ, ढेकळं आणि एक पाय, एक चप्पल. पुढे जातोय, थांबतोय, पुन्हा जातोय. कोणीतरी हाक मारली, "सुदामराव, च्या घ्या!" आणि तुझा आवाज, "आलो की! पंडिताला बी बोलवा, फुकटचा हाय म्हनावं."

पार्वतीवहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. हाताला पीठ तसंच.

"ह्यांचीच चाल हाय. उजवा पाय बगा कसा टाकत्यात!" त्या म्हणाल्या. मग उज्ज्वलाला, "मागं घे गं. परत लाव."

उज्ज्वलाने परत लावली. वहिनी उभ्यानेच बघत होत्या, हसत होत्या, मधूनच पिठाच्या हाताने डोळे पुसत होत्या. तोंड पांढरंफटक झालं तेव्हा आम्ही तिघंही हसलो. सबंध तालुका टिपणाऱ्या माणसाचं एवढंच चालतंबोलतं चित्र उरावं, त्याचे पाय, तेही त्याच्या विसराळूपणामुळे! याला काय म्हणावं?

रविवारी उज्ज्वला तेवढंच दाखवणार आहे आणि बाकीचं मी सांगायचं आहे. तुला शब्द देतो, मी बसेन. स्वच्छ सदरा घालीन, एकही जोडाक्षरी विशेषण वापरणार नाही, आणि त्या पोरीने बदाम लावला तरी उठून जाणार नाही. तिने पुढची प्रत्येक कॅसेट काढावी म्हणून बातम्याही पुरवीन, माझ्या पेपराच्या आधी.

पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला भीती वाटते. तुझं हसणं मला अजून लख्ख दिसतं. काल आरशापुढे उभा राहून ते सांगून पाहिलं, तर एकही वाक्य धड जमलं नाही. उज्ज्वलाच्या मुलांना उद्या आजोबा कसे हसायचे ते कळलं, तर माझ्या सांगण्यातूनच कळेल. आणि सुदाम, मला ते सांगता येईल असं वाटत नाही.

तुझा,
पंडित