देव बाजूला ठेवून

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता कॉलेजात तुम्हाला पाहिलेलं माणूस शोधावं लागतं. तुमचाच विषय, तत्त्वज्ञान, मी शिकवते, तुमच्याच वर्गात. फळ्यावर ‘फिनॉमिनॉलॉजी’, म्हणजे गोष्टी अनुभवाला जशा येतात तशाच बघण्याचा विचार, असं लिहिलं की त्या लांबलचक नावाला मुलं हसतात. आम्हीही हसलो होतो. त्या दिवशी तुम्ही खडू ठेवून दिलात आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला लेण्याद्रीला नेलंत. पायऱ्या चढून आम्ही धापा टाकत चैत्यगृहात उभे आहोत आणि तुम्ही म्हणताय, “हे लेणं कुणाचं, किती जुनं, शेजारी गणपती कसा आला, हे सगळं खरं असेल. खोडू नका. फक्त कंसात टाका, बाजूला ठेवा. आता सांगा, काय दिसतंय?” कुणीतरी म्हणालं, खांब. “तुला त्याची एकच बाजू दिसतेय. मागची बाजू तुला कोण दाखवतंय?” जुन्नरच्या पेठेतल्या मारवाडी कापडदुकानदाराची मी मुलगी. बघणं हेही एक काम असतं, हे मला त्या खांबापाशी कळलं.

उतरताना तुम्ही या विचाराच्या जर्मन संस्थापकाची गोष्ट सांगितलीत. तो गणितातून आलेला. जाणीव कधी रिकामी नसते, ती नेहमी कशाची तरी असते, हे त्यानं व्हिएन्नातल्या आपल्या गुरूकडून घेतलं आणि त्याच्यावर सगळ्या शास्त्रांचा पाया घालायला निघाला. मग त्याच्या लाडक्या शिष्याची गोष्ट. शिष्य म्हणाला, जग बाजूला ठेवून बघणारा असा कुणी नसतोच, आपण आधीपासून जगातच गुंतलेले असतो. त्यानं आपला ग्रंथ गुरूला अर्पण केला, गुरूनं तो वाचून समासात नाराजी लिहिली. पुढे ज्यू म्हणून गुरूला विद्यापीठाचं दार बंद झालं, तेव्हा शिष्य सत्ताधाऱ्यांच्या पक्षात होता. गुरूच्या अंत्यविधीलाही तो गेला नाही. हे सांगताना तुम्ही मधल्याच पायरीवर बसला होतात. मला तुमच्याविषयी फार माया वाटली तेव्हा.

पुढे मी तुमच्याच हाताखाली प्रबंध लिहायला घेतला, आणि मला शिष्याचं म्हणणं पटू लागलं. त्याचं वागणं नव्हे, सर. म्हणणं. विभागातल्या चर्चासत्रात मी आमच्या दुकानाचं उदाहरण दिलं. गिऱ्हाईक कापडाला हात लावतं तेव्हा त्याला आधी रंग आणि पोत दिसत नाही, लेकीचं लग्न दिसतं. ते लग्न कंसात टाकलं तर हातात जे उरतं, ते त्या माणसाचं कापडच नव्हे. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल, मुद्दा खोडाल, संध्याकाळपर्यंत चहावर चहा होईल. तुम्ही उठलात. वर्गात तुमची भाषा पुण्याची असायची. रागात मात्र तुमच्या गावची, लोणीची भाषा वर यायची. “लई शिकलीस. तू बी त्या शिष्यासारखीच निघालीस. उद्या मी मेलो तर मातीला बी यायची न्हाईस.”

सगळ्यांसमोर. एका वृद्धाला त्याच्या जातकुळीवरून हाकलणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही मला उभं केलंत, कशासाठी, तर मी तुमच्या पद्धतीत एक खोट दाखवली म्हणून. प्रबंधावर तुम्ही सही केली नाहीत. दुसरा मार्गदर्शक मिळेपर्यंत कॉलेजातली कायमची जागा दुसऱ्याला गेली आणि मी तासिका तत्त्वावर राबत राहिले. वडील एवढंच म्हणाले, “बेटा, शिकवणाऱ्यानंच नाही म्हटलं, तर कुणाकडं दाद मागायची? ये, गल्ल्यावर बस.” मी काही काळ बसलेही. तुम्ही त्या रस्त्यानं जायचात आणि समोरच्या बाजूनं चालायचात. समोरचं माणूस कंसात टाकणं तुम्हाला चांगलंच जमायचं.

आणि मी मातीला आले होते, सर. लोणीत, तुमच्या शेताच्या कडेला, बायकांच्या मागे उभी होते. भाषणं झाली. तुम्ही विद्यार्थ्यांना स्वतंत्र विचार करायला शिकवलंत, असं एकजण म्हणाला. मी मान खाली घातली, कारण मला हसू आलं होतं.

हे सगळं आज लिहितेय त्याला कारण आहे. परवा मी मुलांना तुमचा नि माझा वाद शिकवला, तुमचं नाव न घेता. जग बाजूला ठेवता येत नाही, हे मी नेहमीप्रमाणे ठासून सांगितलं. डोंगरातल्या आहुपे गावची एक मुलगी आहे, कधी बोलत नाही. ती उठली. “मॅडम, मी ठेवून पायलं.”

“काय?”

“देव. आमच्या राईत जाताना लहानपणापास्नं भ्या वाटतं. म्हंजी देवाची राई, फांदी तोडली तर कोप व्हतो, आसं. सुट्टीत गेले तवा म्हनलं, देव हाय का नाय, ते आता इचारायचंच नाय. नुसतं बघायचं.”

“मग भीती गेली?”

“नाय ना. भ्या तिथंच व्हतं. उलट तवाच दिसलं ते कसलं हाय. कोप-बिप काय नाय त्यात. झाडं आपल्याकडं बघत्यात आन् आपुन लई बारके हाय, आसं व्हतं ते. देव मधी व्हता तवर मला ते दिसलंच नव्हतं.”

गुंतलेपण सुटत नाही, हे माझं म्हणणं त्यात होतं. पण ते दिसायला तुमचाच कंस लागला होता. मी तिला म्हटलं, तुझं बरोबर आहे, माझं अर्धंच होतं. एवढंच बोलायचं असतं, सर. जीभ झडत नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नही नाही. फक्त तास संपल्यावर स्टाफरूममध्ये खुर्चीत बसले, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे, की ही मुलगी काय म्हणाली ते सरांना सांगायला हवं. दुसरं कुणी आठवलंच नाही. याचाही मला राग आला.