फिल्टर सोडून सगळं

तिसगाव, ता. पाथर्डी
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

उस्ताद नबीलालभाई यांना कल्याणचा सलाम.

तब्येत बरी असेल. थंडीत तुमचे गुडघे धरतात, अख्तरीताईंना तेल गरम करून द्यायला सांगत जा. इकडे ठीक. पंकजा बरी आहे, पोरगी सातवीत गेली. तुम्ही लेकीकडे, अख्तरीताईंच्या घरी पुणतांब्याला गेलात त्याला सहा वर्षं होत आली, तरी जुनी माणसं अजून ‘नबीलालचं गॅरेज’ असंच म्हणतात. कारखाने सुरू झाल्यामुळे रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्यात.

एका गाडीबद्दल लिहायचं होतं. हुमेरा सिस्टर म्हणून आहेत, नगरहून रोज करंजी घाटातून इकडच्या उपकेंद्रात येतात. त्यांची डिझेल गाडी. कधी एका सेल्फला सुरू होते, कधी पाच-सहा मिनिटं नुसती घरघर. चालता चालता बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालू. गॅरेजात आणली की मात्र एकदम शहाणी. कायमची बंद गाडी परवडली, असं तुम्ही म्हणायचात.

मी बॅटरी तपासली. अर्थिंगची वायर सोडून घासून बसवली. स्कॅनर लावला, त्यात काही दाखवेना. इंजिन तापल्यावर क्रँक सेन्सर दगा देतो म्हणून तो बदलला. चार दिवस बरी चालली, पाचव्या दिवशी सिस्टर परत दारात.

“कल्याणभाऊ, काल एका बाळंतिणीला नगरला नेताना बंद पडली. नशीब, घाट संपला होता. तुमाला जमत नसंल तर तसं सांगा, मी दुसरीकडं दाखवते.”

मी टाकी उतरवली, आतली जाळी धुतली. रिले बदलला. जेवायला बसलो की मध्येच उठून गाडीपाशी जायचो. पंकजा म्हणाली, “एका गाडीपायी काय लावलंय हे? ताटावर तरी बसा नीट.” बसवत नव्हतं. उस्ताद, मी फिल्टर सोडून सगळं उघडलं होतं. तुमच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला माणूस डिझेल गाडीत फिल्टर शेवटी ठेवतो का? आधी तिथंच हात जायला पाहिजे. माझा जात नव्हता.

गेल्या गुरुवारी दुपारी गाडी घेऊन एकटाच घाटात गेलो. दुसऱ्या वळणावर, चढाला, ती बंद पडली. मागून ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत होता. हँडब्रेक ओढला, सेल्फ मारत राहिलो. ड्रायव्हरनं बाजूला काढून शेवटच्या क्षणी वाचवलं. जाताना त्यानं शिवी दिली, ती मला ऐकू आली नाही, नुसते ओठ हललेले दिसले. मी कठड्यावर बसून राहिलो. 

गॅरेजात आल्यावर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी लावली आणि गाडी चालू केली. डिझेलबरोबर बुडबुडे येत होते. मग तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावली. तिथं एकही बुडबुडा नाही. म्हणजे हवा फिल्टरमध्येच शिरत होती. झाकण उघडलं. रबरी रिंग चपटी होऊन एका जागी चिरलेली. कुणीतरी फिल्टर नवा टाकून रिंग जुनीच ठेवली होती. तिथं पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे बाहेर थेंब पडत नाही, हवा तेवढी आत जाते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

नवी रिंग टाकली. गाडी तेव्हापासून चांगली आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो.

सहा वर्षांपूर्वी मिरीच्या अजिनाथ गुरुजींच्या गाडीचा फिल्टर मी बदलला होता. शुक्रवार होता, तुम्ही नमाजला गेला होतात. नवी रिंग बसवताना माझ्या हातून आट्यात अडकून तुटली. दुसरी आणायला पाथर्डीला जावं लागलं असतं, आणि गुरुजी घाई करत होते. मी जुनीच पुसून बसवली. तुम्ही आल्यावर विचारलंत, “रिंग नवी टाकली न्हवं?” मी म्हणालो, “व्हय, उस्ताद.” तुम्ही बॉनेट लावलंत आणि गुरुजींना म्हणालात, “बिनघोर जावा.”

त्याच दिवशी घाटाच्या चढाला गाडी बंद पडली आणि मागच्या ट्रॉलीनं धडक दिली. गुरुजींचा डावा पाय कायमचा अधू झाला. गाडी भंगारात गेली, आत कुणी पाहिलंच नाही. चहाच्या टपरीवर बन्सीभाऊ म्हणाला, “नबीलालला आता दिसत न्हाई.” आणि तुम्हीसुद्धा ते खरं धरलंत. “माझ्याच हातून कायतरी सैल राहिलं आसंल,” असं म्हणत स्वतःचे हात पाहत बसायचात. मी समोर असायचो. तीन महिन्यांनी तुम्ही मला गॅरेजच्या किल्ल्या दिल्यात, त्याही मी घेतल्या.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. पोरवयाची सबब मला नाही.

रविवारी गुरुजींकडे मिरीला गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांच्या घरच्या चांगुणाबाई उठून आत गेल्या, मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. गुरुजींनी अधू पाय हातानं उचलून सरळ केला. मग म्हणाले, “पायाची मला सवय झाली रे. पन नबीलाल दोन येळा या ओट्यावर येऊन माझ्याम्होरं हात जोडून गेला. म्हातारं मानूस. मी त्याला बसासुदिक म्हनलो न्हाई.” त्यांचे डोळे भरले होते. “त्याला लिही. फोन करू नको, फोनात मानूस निसटतो.”

तिथून टपरीवर गेलो आणि बन्सीभाऊसह चार माणसांसमोर हेच बोललो. सोमवारी दोघांनी दुरुस्तीला सोडलेल्या गाड्या परत नेल्या. पंकजाला त्याच दिवशी सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

उस्ताद, तुमच्या नजरेचं काही चुकलं नव्हतं, हातांचंही नाही. तुम्ही विचारायचं ते विचारलं होतं. सहा वर्षं तुम्ही माझं ओझं वाहिलंत आणि मी तुमच्या खुर्चीवर बसून ते बघत राहिलो. माफ करा असं लिहून दोनदा खोडलं. ते मागायचा हक्क मला वाटत नाही.

येत्या रविवारी सकाळी पुणतांब्याला येतो. गुरुजींनी बरोबर यायचं ठरवलंय, त्यांना तुम्हाला भेटायचं आहे. त्यांना आत घ्या. मला घ्यायचं नसेल तर मी बाहेर गाडीत थांबेन.

तुमचा शिष्य असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच

कल्याण