नसलेल्या नातवाची गिटार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पूर्वी बेकरी, हल्ली काही नाही, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकात वा भिडेत न येता माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाविषयी तसे लिहून द्यायला ते तयार नाहीत, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बेकरीवरच्या माझ्या दोन खोल्या, त्यांतील सामान आणि बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एक लेकीस मिळावी. जावयाने यातले कधी काही मागितले नाही, हे त्याच्या चांगुलपणाखातर नमूद करतो.

२. पावाचे साचे आणि भट्टीत घालायची लांब दांड्याची फळी, ज्याने माझी बेकरी घेतली त्यास फुकट द्यावी. त्याचा पाव वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. भट्टी मागच्या अंगाला जास्त तापते, हे मी खुनशीपणाने त्याच्यापासून लपवले होते. आता सांगितले.

३. धाकट्या भावास माझा वजनकाटा द्यावा. जन्मभर तो दुसऱ्यांना तोलत आला आहे, निदान साधन तरी धड असावे.

४. गिटार. हे कलम लांबेल. लिहू का, असे मी लेकीला आधी विचारले. “लिहा,” ती म्हणाली, “पण सारवासारव करू नका.”

पत्नी गेली, मग बेकरी विकली. सवयीने पहाटेच डोळे उघडत आणि हातांना काम नसे. एके दिवशी वाद्यांच्या दुकानात शिरलो. मालकीणबाईंनी विचारले, “कुणासाठी हवी?” या वयात हे थेर, असे त्यांना वाटेल म्हणून माझ्या तोंडून गेले, “नातवासाठी.” वय विचारले. म्हणालो, आठ.

मला नातू नाही. मुलासाठी लेकीने आणि जावयाने किती दवाखान्यांचे उंबरे झिजवले आणि शेवटी कसा नाद सोडला, ते मला ठाऊक होते. तरी बोललो.

बाईंनी जीव लावून निवड केली. पोलादी तारा कोवळ्या बोटांना कापतात, नायलॉनच्या घ्या. तारा पडद्यांपासून, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच नकोत, नाहीतर दाबून दाबून पोर कंटाळेल. शोभेची, चकचकीत तर नकोच. आणि आठ वर्षांच्या मुलाला पेलेल अशी लहानशी गिटार त्यांनी बांधून दिली. ती पोटाशी धरली की मी कुणा पोराचे खेळणे पळवून आणल्यासारखा दिसत असे.

पीठ मळून माझी मनगटे लोखंडाची झाली होती, पण तारेपुढे करंगळी लटपटे. सूर निघेना, नुसती खरखर. मी पुन्हा दुकानात गेलो आणि नातवाच्या नावाने रडगाणे गायलो. बाई म्हणाल्या, रबरी चेंडू दाबत बसण्यापेक्षा त्याला रोज थोडा वेळ तारच दाबू द्या. बोट पडद्याला खेटून ठेवायचे, पडद्यावर नाही. चारही बोटे एकामागून एक, सावकाश. दुखले की थांबायचे. “जोर लावायचा नसतो हो, सवय लावायची असते.”

मी घरी तसे करी आणि पुढच्या खेपेला नातवाची प्रगती कळवी. पोर मेहनती निघाले. मला त्याचा अभिमान वाटू लागला. हे लिहिताना मान खाली जाते ती याच वाक्यापाशी.

मग एकदा लेक मला दवाखान्यातून घरी आणत होती. बाई दुकानाच्या दारात उभ्या होत्या. त्या हसून लेकीला म्हणाल्या, “तुम्हीच का त्याच्या आई? गुणी आहे हो तुमचा मुलगा. करंगळी आली का वळणावर?”

लेकीने एकदा माझ्याकडे पाहिले.

“आली,” ती म्हणाली. “रोज बसतो.”

घरी येऊन तिने माझी औषधे लावून ठेवली, पाणी भरले. मग पदराला हात पुसत विचारले, “बाबा, नाव काय ठेवलंय त्याचं?”

“ठेवलं नाही,” मी म्हणालो.

“आम्ही ठेवलं होतं.” एवढे बोलून ती गेली.

बरेच दिवस आली नाही. जावई येऊन औषधे देई आणि हवापाण्याचे बोले. शेवटी ती आली, समोर बसली आणि वाजवून दाखवा म्हणाली. मी वाजवले. मध्येच करंगळी अडली. ती हसली नाही, वाहवाही केली नाही. गिटार घेऊन तिने स्वतः एक तार दाबली आणि बोटावर उमटलेला वळ पाहत राहिली.

“शिकायची लाज वाटली, म्हणून माझं मूल पुढे केलंत?”



सबब ही गिटार लेकीस द्यावी. तिने ठेवावी, विकावी, मोडावी. ‘असू दे, कधीतरी कामी येईल’ असे तिला कोणीही म्हणू नये, विशेषतः माझ्या थोरल्या बहिणीने.

५. मी गेल्यावर लेकीपाशी कोणी माझ्या मेहनतीचे कौतुक करू नये.

शेरा: पहिल्या साक्षीदार म्हणून मी वाद्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनाच बोलावले आणि सहीआधी कलम चार वाचायला लावले. साक्षीला त्याची गरज नव्हती. वाचून त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे मी त्या मुलीला भर रस्त्यात...” लेकीच्या घराचा पत्ता विचारून त्या तशाच उठल्या. दुसरे साक्षीदार, खालचे शिंपीबुवा, माझ्याबरोबर वाट पाहत बसून राहिले. दिवेलागणीला बाई परत आल्या. “चहा केला तिनं,” इतकेच त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पेन मागितले.

मृत्युपत्र करणार: (सही) पाववाला

साक्षीदार, आमच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष:
१. (सही) मालकीण, वाद्यांचे दुकान
२. (सही) शिंपी, तळमजला

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: नऊ फेब्रुवारी